काठावरची मोकळी जागा

१

ही गोष्ट सांगायची मला हौस नाही. नात मागं लागलीय म्हणून सांगतोय. ती म्हणते, आज्जा, तू लिही, चुका मी दुरुस्त करते. चौथी शिकलेल्या माणसाच्या चुका दुरुस्त करत बसली तर तिच्या पेन्शनीची वेळ येईल. तरी लिहितोय. एक आधीच सांगतो. गोष्टीत ‘मी मी’ आलं की माणूस स्वतःला शहाणा करून ठेवतो. म्हणून मी म्हणजे मष्णू. मष्णू हदनाळकर, राहणार निपाणी, धंदा भांड्यांवर नावं घालायचा. त्याला मी चांगला ओळखतो. तो काही गोड माणूस नाही.

तर मष्णूच्या नातीचा, तेजस्वीचा, बेळगावच्या युनिव्हर्सिटीत एम.एस्सी.ला नंबर लागला. हॉस्टेलला लागला नाही. तिचा बाप नागेंद्र, म्हणजे मष्णूचा मुलगा, तंबाखूच्या वखारीत मुकादम. वखारीत लावतो तोच आवाज घरात लावतो. त्यानं सांगून टाकलं, महिन्याच्या आत चांगल्या घरात खोली मिळाली तर शीक, नाही तर परत ये, संकेश्वरचं स्थळ थांबलंय.

आठ दिवस आजा-नात बेळगाव पालथं घालत होते. कॅम्पात एका बाईनं हवेशीर खोली दाखवली, पण स्वयंपाक करायचा नाही म्हणाली, आणि पाहुणे फाटकापर्यंतच. “हे आजोबासुद्धा,” म्हणाली.

“मी काय कुत्रं हाय व्हय, फाटकात बांधायला?” मष्णू म्हणाला. तेजस्वीनं त्याला हाताला धरून बाहेर आणलं.

मच्छ्याला खोल्या ढीगभर, पण सगळ्या कारखान्यातल्या पोरांच्या. जिन्यावरच सोळा बूट. अजून दोन ठिकाणी खोली बरी होती, पण मालकाचं तोंड बरं नव्हतं. महिना सरायला तीन दिवस उरले असताना अनगोळात एका फाटकावर पाटी दिसली. वर कन्नड, खाली मराठी. फक्त विद्यार्थिनींसाठी.

घर केशव मास्तराचं. हायस्कूलचे रिटायर मास्तर. घरात बसतानाही इस्त्रीचा शर्ट. त्यांनी तेजस्वीचे मार्क बघितले, मग चष्म्यावरून मष्णूकडं बघितलं.

“आपलं शिक्षण?”

“चौथी. पण निपाणीत घरटी एक तरी भांडं माझ्या अक्षराचं हाय.”

मास्तर हसले नाहीत. त्यांची बायको जयाबाई हसली आणि चहा ठेवायला आत गेली. मास्तर म्हणाले, दोन मुली आहेत, तिसरी कॉट रिकामी आहे, उद्यापासून या. मष्णूनं आयुष्यात फार थोड्या माणसांना हात जोडलेत. त्या दिवशी त्यानं केशव मास्तराला जोडले, आणि मनापासून जोडले.

खोली वर होती, बाहेरच्या जिन्यानं. जिना संपला की चौकोनी जागा, तिथं समोरासमोर दोन दारं आणि मधे भिंतीला लागून दगडी कट्टा. डावं दार पोरींचं. उजवं जुनं, जाड फळ्यांचं, त्याला गंजून लाल झालेलं कुलूप.

“ते काय?” मष्णूनं विचारलं.

“अडगळ. शाळेची मोडकी बाकं, पेपरचे गठ्ठे,” मास्तर म्हणाले. “बारा वर्षं उघडलेलं नाही.”

२

मष्णू दर रविवारी सकाळच्या गाडीनं जायचा. पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही. पहिल्या रविवारी गेला तर तेजस्वीच्या कॉटखाली एक कडीचा स्टीलचा डबा. धुऊन पालथा घातलेला.

“ह्यो कुणाचा?”

“काकूंचा असंल. बेस्तरवारी माझं प्रॅक्टिकल उशिरा सुटलंतं. आले तर बाहेर कट्ट्यावर ह्यो. उघडला तर गरम भाकरी न् वांग्याचं भरीत. उपाशीच राहणार होते मी, आज्जा.”

“मग खाली जाऊन काकूला दे की.”

दुसऱ्या कॉटवरून अबोली बोलली. ही खानापूरकडची, तोंडानं फटकळ. “नको हो आजोबा. मास्तरांना मुलींचे लाड आवडत नाहीत. काकू चोरून देत असणार. खाली नेलात तर बिचारीला बोलणी. आला तिथंच ठेवायचा, गुपचूप.”

तिसरी पोरगी चिन्मयी. ती पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, “आम्हाला दीड वर्षात कधी दिला नाही हं काकूंनी डबा.”

“तुझं तोंड बघून कोण देणार,” अबोली म्हणाली.

मष्णूनं डबा हातात घेतला. त्याचं बोट सवयीनं काठावरून फिरलं. चाळीस वर्षांची सवय, कुणाच्या लग्नात ताट मिळालं तरी तो आधी काठ चाचपतो. काठ कोरा होता. नाव नाही, साल नाही. वापरातल्या डब्याला नाव नाही याचं त्याला जरा नवल वाटलं, एवढंच.

तेजस्वीनं डब्यात शेंगदाण्याची चटणी भरली. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही ही मष्णूच्या घरातली रीत. त्याची बायको असेपर्यंत घरात दुसरं काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची. पोरगी तेच शिकलेली. तिनं डबा कट्ट्यावर नेऊन ठेवला, आणि मष्णूला बरं वाटलं. पोरगी परगावी आली तरी रीत विसरली नाही.

३

दुसऱ्या रविवारी डबा परत कॉटखाली होता. या वेळी झुणका आला होता म्हणे. मष्णूचं बोट काठावरून गेलं आणि अडलं.

त्यानं डबा उजेडात धरला. काठावर एक अक्षर होतं. ते.

“काकू तुझं नाव घालून घ्यायला लागलीय,” तो म्हणाला. “डबा तुलाच देणार असंल.”

तेजस्वी लाजली. मष्णूला आनंद झाला, आणि जरा रागही आला. निपाणीत नावं घालणारा आजा असताना दुसऱ्याकडं कशाला न्यायचा. मग त्याला कामाचं नवल वाटायला लागलं. आता सगळीकडं मशीन. घर्र करून दोन मिनिटांत नाव, सगळी अक्षरं उंदरानं कुरतडल्यासारखी. हे काम छिन्नी-हातोडीचं होतं. एकेक टिंब मोजून दिलेलं, मात्रा नखाएवढी आणि बरोबर जागेवर. असा हात आता बेळगावात कुणाचा असेल ते त्याला आठवेना. होते ते तिघेही गेले.

तिसऱ्या रविवारी दोन अक्षरं. तेज.

आठवड्याला एक अक्षर कोण घालतं? मष्णू त्या दिवशी बसमध्ये निपाणीपर्यंत हाच विचार करत आला. गिऱ्हाईक तरी आठवड्याला एका अक्षरासाठी दुकान चढेल का? मग तोच स्वतःला म्हणाला, गप म्हाताऱ्या, जयाबाईच्या माहेरचा कोणी हौशी असेल. लोक टीव्ही बघतात, हा अक्षरं घालतो.

एक गोष्ट मात्र त्यानं तेजस्वीला सांगितली नाही. ‘ते’च्या मागं, नावाच्या आधी, दोन अक्षरांची जागा मोकळी सोडलेली होती.

४

दसऱ्याला अबोली आणि चिन्मयी गावाला गेल्या. तेजस्वीची जर्नल पूर्ण करायची होती म्हणून ती राहिली. चौथ्या रविवारी मष्णू आला तर खालच्या दाराला कुलूप, आणि तुळस मान टाकलेली. तो वर गेला. तेजस्वी गोधडीत. अंग आता निवळलं होतं, पण गाल आत गेलेले.

“ताप आलता, आज्जा. बेस्तरवारी दुपारपास्नं. आता बरं हाय.”

“फोन करायला हात मोडलंतं काय?”

“केला असता तर पप्पा न्यायला आलं असतं. परत पाठवलं असतं काय?”

मष्णूनं तिच्या कपाळावर हात ठेवला. “पोटाला?”

“काकूंनी पेज दिली की. तीन दिवस, तिन्ही वेळा. गरम गरम, वर मेतकूट. मी नुसतं दार उघडून घ्यायचे. त्या नसत्या तर मी मेलेच असते, आज्जा.”

“न् डबा? तशा तापात धुऊन ठेवायचीस?”

“रिकामा कसा ठेवू? गुळाचा खडा घालायचे. एकदा केळं.”

मष्णूनं कॉटखालून डबा ओढला. तो रिकामा नव्हता, सकाळची पेज तळाला होती. त्यानं काठ बघितला, आणि जमिनीवरच बसला.

तेजस्वी नागेंद्र हदनाळक.

तीन दिवस, तीन वेळा. नऊ डबे. ‘तेज’नंतरची अक्षरं त्यानं बोटावर मोजली. नऊच.

दुपारी खाली फाटक वाजलं. मास्तर आणि जयाबाई पिशव्या घेऊन रिक्षातून उतरत होते. मष्णू जिना उतरून गेला.

“गावाला गेलतासा व्हय?”

“लेकीकडं, हुबळीला,” जयाबाई म्हणाली. “बुधवारी गेलो ते आत्ता येतोय. का हो आप्पा, तेजू बरी आहे ना?”

“बरी हाय,” मष्णू म्हणाला. “तुमचं डबं पोचलं, त्याचं आभार मानायचं होतं.”

“कसले डबे?” जयाबाई म्हणाली.

५

त्यानं तेजस्वीला काही सांगितलं नाही. ती परत झोपली होती. डबा मात्र कॉटखाली नव्हता. झोपायच्या आधी तिनं धुऊन, दह्याची वाटी ओतून, नेहमीसारखा कट्ट्यावर ठेवला होता. मष्णू बाहेर आला तर कट्टा रिकामा.

ऊन जिन्यावर सरळ उतरलेलं. शेजारी कुणाचा तरी मिक्सर चालू होता, गल्लीत भाजीवाली ओरडत होती. भ्यायची ही वेळ नाही, असं मष्णूनं स्वतःला सांगितलं आणि कट्ट्यावर बसला.

मिक्सर थांबला तेव्हा त्याला ऐकू आलं.

टिक. टिक टिक. टिक.

पोरीही रात्री हा आवाज ऐकायच्या. चिन्मयी म्हणायची पाइप ठिबकतो. अबोली म्हणायची पाल. मष्णूला वाटलं आपलाच कान असेल. चाळीस वर्षं तोच आवाज कानात घेतल्यावर कान रिकामा असला तरी वाजतो. त्यानं कानात बोट घातलं. आवाज थांबला. काढलं, परत सुरू.

आवाज समोरच्या दाराआड होता. कुलूप तसंच लाल, कडीवर कोळ्याचं जाळं, जाळ्यात एक सुकलेली माशी.

टिक टिक टिक, मग खर्र. भांडं पायात धरून जरा फिरवलं की असा आवाज येतो. नावं घालणारा भांडं पायांच्या दोन्ही तळव्यांत धरतो, मांडीवर नाही. मष्णूनं डोळे मिटले. मिटले म्हणजे त्याला अक्षर ऐकू येतं, ही बढाई नाही, धंदा आहे. वरून एक छोटी गोलाई, आत वळलेली. मग खाली तिरकी रेघ. थोडा दम. शेवटी वर आडवी, एका सुरात, डावीकडून उजवीकडं.

र.

नाव पुरं झालं होतं.

तो उठून आत गेला, ओल्या फडक्यानं तोंड पुसलं, पोरीच्या अंगावरची गोधडी सारखी केली. बाहेर आला तर डबा कट्ट्यावर. आत मऊ भात, वर तुपाची धार. तूप अजून विरघळत होतं. भाताच्या कडेला लिंबाची फोड. आजारातनं उठलेल्या माणसाला देतात तसं, कुणीतरी विचार करून दिलेलं. एवढी काळजी नागेंद्रनं कधी केली नव्हती.

आणि काठावर नावाच्या आधीची जागा अजून मोकळीच होती.

६

ही जागा काय असते ते सांगतो. नाव घालायला आलेल्याला पहिला प्रश्न असतो, आधी काय घालू? श्री., सौ., कु., चि. हे तो लगेच सांगतो. पण चाळीस वर्षांत पाच-सहा गिऱ्हाइकं अशी आली की घुटमळली. घरात लग्न, भांडी वाटायची, नाव आजोबांचं, आणि आजोबा दवाखान्यात. “नाव घाला मष्णूआप्पा, पुढचं दोन दिवसांनी सांगतो.” मग मष्णू नाव घालायचा आणि आधी दोन अक्षरांची जागा सोडायचा. दोन दिवसांनी ती माणसं यायची, आणि डोळे पुसत यायची. त्या जागेत दर वेळी एकच अक्षर बसलं. कै.

आता काय करायचं, हे त्याला एकट्याला ठरवायचं होतं.

पोरीला घेऊन आजच निपाणीला गेला असता तर नागेंद्र म्हणाला असता, बघा, मी म्हणत नव्हतो? मग संकेश्वर. दुसरी खोली मिळवायला परत आठ दिवस, आणि दिवस कुणाकडं होते? डबा परत केला तर तो अजून एकदा भरून येणार, आणि एकच जागा उरलेली. रिकामा परत केला तर? तापात पोरीला जगवलेल्या हाताला रिकामं भांडं द्यायचं, हे मष्णूला जमण्यातलं नव्हतं. कितीही तिरसट असला तरी. आणि ठेवूनच घेतला, तर तो मागायला कोण येईल, हा विचार त्याला करायचा नव्हता.

पिशवीत छिन्नी होती. असतेच.

तेजस्वीला त्यानं उठवून भात खाऊ घातला. सगळा. “खा. कुणीतरी मनानं दिलंय,” म्हणाला. मग डबा घासला, खाली जाऊन जयाबाईकडं मूठभर रवा आणि साखर मागितली. ती काही विचारणार होती, पण त्याचं तोंड बघून तिनं तूपही दिलं. तेजस्वीनं शिरा केला.

शिरा होईपर्यंत मष्णू भिंतीला टेकून बसला, डबा तळव्यांत धरला आणि मोकळ्या जागेत एक ठसठशीत अक्षर आणि टिंब घातलं, सगळी जागा भरून, मधे केसही जाऊ नये असं. कु. मग डबा फिरवला. नावाच्या पुढं काठ रिकामा होता, तिथं ‘हिजकडून सप्रेम भेट’.

“हे काय, आज्जा?” तेजस्वी म्हणाली. “डबा तर त्यांचाच न्हवं?”

“त्येनी तुझं नाव घातलं म्हणजे तुझा झाला. आता तू त्येना भेट द्यायचीस. भेटीचं भांडं परत करत न्हाईत.”

शिरा भरला. मष्णू एकटाच बाहेर आला, दार मागं ओढून घेतलं. डबा त्यानं कट्ट्यावर न ठेवता त्या कुलपाच्या दारासमोर, उंबऱ्याला टेकवून ठेवला.

“बाई हाईस का बापय, मला ठाऊक न्हाय,” तो म्हणाला. आवाज स्वतःलाच अनोळखी वाटला. “तापात माझ्या पोरीला पेज घातलीस. हे फिटणारं न्हाय. म्हणून भेट देतोय. एवढीच ठेवून घे. पोरगी शिकायला आलीया, तिला शिकू दे.”

मग त्याला आपलीच लाज वाटली. सत्तर वर्षांचा माणूस, भर दुपारी, अडगळीच्या दाराशी बोलतोय. छिन्नी पिशवीत टाकायला तो वळला. एवढंच, वळला.

खर्र.

डबा नव्हता. दाराखाली दोन बोटांची फट, डबा वीतभर उंच.

दाराच्या एका फळीला खालच्या बाजूला चीर होती. बघू नये हे मष्णूला कळत होतं. तरी तो खाली बसला आणि चिरेला डोळा लावला.

आत कौलातल्या काचेचा उजेड. उजेडात भांडी. जमिनीपासून आढ्यापर्यंत, तांबे, वाट्या, डबे, ताटं, सगळ्यांचे काठ दाराकडं. काठांवरची पहिली अक्षरं त्याला वाचता आली. तो वाचायचा थांबला.

आणि भांड्यांच्या मधे, खाली, दोन पाय. घोट्यापर्यंतच दिसत होते. दोन्ही तळव्यांत डबा धरलेला. तळव्याच्या आतल्या बाजूला जाड घट्टा, भांड्याचा काठ टेकून टेकून होतो तो. मष्णूच्या तळव्याला तसाच आहे, त्याच जागी.

हाताचा एक अंगठा काठावरून फिरत होता. हळू, वाचत वाचत. ‘सप्रेम भेट’वर आला, थांबला. मागं जाऊन परत त्यावरून फिरला. मग पुढं ‘कु.’वर आला आणि तिथं दाबून राहिला. बराच वेळ राहिला.

मग तळवे अलग झाले. डबा त्या हातानं उचलला आणि बाकीच्या भांड्यांपासून बाजूला ठेवला, एकटा. पाठोपाठ जमिनीवर लोखंड ठेवल्याचा बारीक आवाज आला. काम संपल्यावर छिन्नी खाली ठेवतात तसा.

७

इथं मष्णूनं एक चूक केली. त्याला वाटलं, आभार तोंडावर मानावेत. तो खाली गेला आणि मास्तरांना म्हणाला, ती खोली उघडा.

मास्तरांनी कारण विचारलं. मष्णूनं सांगितलं, सगळं नाही, पण जेवढं जमलं तेवढं. मास्तर किल्ली घेऊन वर आले. मागून जयाबाई. अबोली आणि चिन्मयी नेमक्या तेव्हाच गावाहून येऊन जिना चढत होत्या. तेजस्वी दारात उभी.

कुलूप तेल घालून उघडायला लागलं. आत मोडकी बाकं, गठ्ठे, एक फुटकी घंटा. भांडं एकही नाही. धुळीवर पाऊल नाही. मष्णू वाकला. जमिनीवर दाराजवळ बारीक चकाकणारं काहीतरी सांडलेलं होतं, त्यानं बोटानं टिपलं. पोलादाचा चुरा. त्याच्या दुकानात रोज संध्याकाळी झाडून काढावा लागतो तसला.

“भिंतीची अभ्रकाची माती आहे ती,” मास्तर म्हणाले. मग ते पोरींकडं वळून बोलले, शाळेत बोलायचे त्या आवाजात. “हे बघा. शिक्षण नसलं की माणसाचं असं होतं. हे अडाणी गृहस्थ तुमच्या डोक्यात भुतं भरायला आलेत. खोट्या गोष्टी सांगून माझं घर बदनाम करतात. तेजस्वी, तुला राहायचं असेल तर यांनी परत जिना चढायचा नाही.”

पोरीचं तोंड पांढरं पडलं. मष्णूच्या जिभेवर सतरा उत्तरं होती, आणि त्यातलं एकही देण्यासारखं नव्हतं. दिलं असतं तर खोली गेली असती.

त्यानं हात जोडले. “बरोबर हाय मास्तर. माझीच नजर गेलीया,” म्हणाला, आणि उतरून गेला. पुढची दोन वर्षं तो रविवारी फाटकापर्यंतच यायचा. पिशवी फाटकातून द्यायची, पोरीचं तोंड बघायचं, माघारी. कुत्रं फाटकात बांधल्यासारखं म्हणा हवं तर.

डबा परत आला नाही. तेजस्वी शिकली. आता ती इथंच निपाणीत ज्युनिअर कॉलेजात शिकवते. संकेश्वरचं स्थळ कधीच दुसरीकडं गेलं. नागेंद्र आता सगळ्यांना सांगतो, मीच शिकवली.

८

गेल्या महिन्यात जयाबाईचा फोन आला.

“आप्पा, तुमची छिन्नी घेऊन याल का?”

“काय झालं?”

ती लेकीच्या बाळंतपणाला हुबळीला गेली होती. मास्तर घरी एकटे, छातीत कफ, अंथरुणाला खिळलेले. फोनवर रोज सांगायचे, वरच्या मुली जेवण ठेवतात गं, उंबऱ्यावर, तांब्यात सूप, काळजी करू नको. परत आल्यावर तिनं मुलींचे आभार मानले. मुली म्हणाल्या, कसलं सूप, काकू?

“ते प्रत्येक वेळी तांब्यात काहीतरी घालून परत ठेवायचे,” जयाबाई म्हणाली. “बिस्कीट, मनुका. रीतीचं माणूस, तुम्हाला माहीत आहे.”

“तांब्यावर काय हाय?”

“त्यांचं नाव. सगळं नाव. आणि आधी थोडी जागा.”

मष्णूनं फोन ठेवला आणि पहिली गाडी धरली. अनगोळात पोचला तेव्हा फाटक उघडं होतं. मास्तर व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते, चष्मा न घालता. मष्णू त्यांच्या पायाशी जमिनीवर बसला, तांब्या तळव्यांत धरला. श्री. घातलं. पुढं ‘यांजकडून सप्रेम भेट’ घातलं. सगळा वेळ मास्तरांनी पेपरचं पान उलटलं नाही.

शिरा जयाबाईनं केला. तांब्या भरून मधे ठेवला. शेवटी मास्तर उठले, दोन्ही हातांत तांब्या धरून एकेक पायरी चढले. खाली आले तेव्हा त्यांच्या कपाळाला घाम होता आणि विजारीच्या गुडघ्यांना धूळ. म्हणजे चिरेशी बसले होते.

“पाणी घेणार?” ते मष्णूला म्हणाले. एवढंच.

मष्णूनं पाणी घेतलं. निघताना तो त्या दसऱ्यानंतर पहिल्यांदा जिना चढला आणि त्या दाराला डोकं टेकवून आला. आत शांत होतं. त्या दारानं पोर जगवली, तिच्या जोरावर घर उभं राहिलं. जयाबाईनं कारण न विचारता रवा दिला. आणि खोली दिली ती मास्तरांनीच, हेही मष्णू विसरलेला नाही. ह्या सगळ्यांना त्याचे हात कायम जोडलेले आहेत.

पण ‘अडाणी’ म्हटलं ते तीन पोरींच्या देखत, आणि ‘खोटा’ म्हटलं तेही. माफी मागायची तर तिघींना बोलावून मागावी लागेल. अबोली खानापूरला असते, चिन्मयी पुण्याला, तेजस्वी इथं. तिघींचे नंबर मष्णूकडं आहेत, मागितले की देईल. त्यानं अजून मागितलेले नाहीत.

केशव मास्तरानं.